बल्ब सगळ्यात शेवटी

दसरा-दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांचे बॉयलर पेटले की परभणी जिल्ह्यातल्या रात्रीच्या रस्त्याचं रूपच पालटतं. गंगाखेड, सोनपेठ, पाथरी, पूर्णा या पट्ट्यात ऊस वाहणारे ट्रॅक्टर, ट्रक आणि टायरच्या बैलगाड्या पहाटेपर्यंत चालू असतात. एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, बाहेर लोंबणारा ऊस, आणि मागचा लाल दिवा एकतर नसतोच किंवा उसाखाली झाकलेला असतो. शेतीपंपाची लाइट बऱ्याचदा रात्रपाळीची, त्यामुळे दारं धरायला निघालेला शेतकरी अंधारात रस्त्याच्या कडेनं चाललेला असतो. गोदावरी-दुधनेच्या काठाला पहाटे धुकं असतं ते वेगळंच. हे सगळं वेळेत दिसावं म्हणून माणूस स्पेअर पार्ट्सच्या दुकानात जातो आणि म्हणतो, "जरा पांढरा, लांब फोकसचा बल्ब द्या." दुकानदार एलईडीचा डबा पुढे करतो, अर्ध्या तासात बल्ब बसतो आणि घरापर्यंतचा रस्ता दुधासारखा पांढरा दिसतो. पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं.

माझं सांगणं असं की हा खर्च उलट्या टोकाकडून सुरू झाला. बहुतेक गाड्यांमध्ये कंपनीनं दिलेल्या उजेडातला बराच भाग रस्त्यावर पोचतच नाही. तो वाटेत कुठे अडतो हे आधी शोधायचं, तो परत मिळवायचा, आणि मग गरज उरलीच तर बल्बला हात लावायचा.

उजेड किती लागतो याचा हिशेब आधी मांडू. ताशी ६० किलोमीटर वेगानं गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. समोर काहीतरी आहे हे कळून पाय ब्रेकवर जायला दीड सेकंद धरला तर गाडी तेवढ्यात २५ मीटर पुढे गेलेली असते. कोरड्या डांबरावर चांगल्या ब्रेकनं थांबायला आणखी २० मीटर लागतात. एकूण ४५. हाच वेग ८० केला की आकडा ७० मीटरच्या घरात जातो. आता डिपरवर काळसर कपड्यातला माणूस किंवा रेडियम नसलेली ट्रॉली साधारण ५० मीटरच्या आतच नीट ओळखू येते. म्हणजे समोरून वाहनं येत असल्यामुळे डिपरवर चालावं लागतं, अशा रस्त्यावर ६० हा वेग कसाबसा हिशेबात बसतो आणि ८० बसत नाही. कुठलाही बल्ब घेतला तरी हे गणित पूर्णपणे पुसलं जात नाही. त्यातले दहा-पंधरा मीटर मात्र आपल्याला नक्की कमावता येतात, आणि जीव वाचायला तेवढे पुरतात.

पहिली जागा हेडलाइटची काच. आताच्या गाड्यांना ती काच नसतेच, पॉलीकार्बोनेटचं प्लास्टिक असतं. त्यावर उन्हापासून वाचवणारा एक पातळ थर असतो. परभणीच्या उन्हात वर्षानुवर्षे उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीचा तो थर झिजतो आणि प्लास्टिक पिवळट, धुरकट होतं. अशा काचेतून उजेड पुढे जाण्याऐवजी आतल्या आत विखुरतो. त्यातला काही समोरच्याच्या डोळ्यात जातो आणि रस्त्याला कमी मिळतो. टूथपेस्ट घासून चमक येते, पण ती चार दिवसांची. नीट करायचं तर भोवतालच्या रंगाला टेप लावून, पाणी मारत, आधी ८०० नंबरच्या वॉटर पेपरनं, मग १५०० आणि शेवटी २००० किंवा त्याहून बारीक पेपरनं काच घासायची, नंतर रबिंग कंपाउंडनं पॉलिश करायची. आणि त्यावर ऊन थोपवणारा क्लिअर कोट मारायचाच. तो मारला नाही तर काही महिन्यांत काच पुन्हा पिवळी होते, कारण वरचा थर आपण स्वतःच घासून काढलेला असतो. जुन्या जीप-ट्रॅक्टरची काच खरी असते, ती पिवळी पडत नाही. तिथे आतला रिफ्लेक्टर काळवंडतो. तो घासून चकचकीत करायचा प्रयत्न करू नका. वरचा चंदेरी मुलामा इतका पातळ असतो की फडक्यानंही निघून येतो. तिथे पूर्ण हेडलाइटच बदलावा लागतो.

बदलताना एक गोष्ट बघून घ्या. आपण डावीकडून गाडी चालवतो, म्हणून आपल्याकडच्या हेडलाइटचा डिपरचा झोत डाव्या कडेला थोडा वर चढलेला असतो. कडेनं चालणारा माणूस, मैलाचा दगड, साइडपट्टीवर उभी ट्रॉली दिसावी म्हणून तो तसा घडवलेला असतो. उजवीकडून वाहतूक चालणाऱ्या देशांसाठी बनवलेला स्वस्त सेट बसवला तर तो चढ उजवीकडे येतो, थेट समोरच्याच्या डोळ्यात, आणि आपली डावी कड अंधारात राहते.

दुसरी जागा वायरिंग, आणि परभणी पासिंगच्या दहा-बारा वर्षं जुन्या गाड्यांत खरी चोरी इथेच होते. डीपीपासून लांबच्या विहिरीवरची मोटर व्होल्टेज उतरलं की नुसती घुमते, हे या जिल्ह्यात कुणाला समजावून सांगायला नको. हेडलाइटचंही तेच. बॅटरीपासून निघालेला करंट फ्यूज, स्टेअरिंगखालचा स्विच, बारीक वायरी आणि गंजलेला अर्थ अशा सगळ्या वाटेनं बल्बपर्यंत येतो आणि दरेक जोडावर थोडा व्होल्टेज सोडतो. हॅलोजन बल्बचा स्वभाव असा की व्होल्टेज थोडा उतरला तर उजेड फार उतरतो. दहा टक्के व्होल्टेज कमी झाला तर उजेड जवळपास तीस टक्के घटतो.

हे तपासायला मल्टिमीटर लागतो. तो कुठल्याही वायरिंगवाल्याकडे असतो, विकत घेतला तरी महाग नाही. इंजिन चालू ठेवा, हेडलाइट लावा. आधी बॅटरीच्या दोन टोकांवर व्होल्टेज मोजा, साधारण १४ च्या आसपास दिसेल. मग बल्ब जोडलेलाच ठेवून होल्डरच्या मागच्या बाजूनं पिनांवर मोजा. बल्ब काढून मोजलं तर करंट वाहत नाही आणि खोटं समाधान मिळतं, म्हणून तो जोडलेलाच हवा. दोन आकड्यांत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक आला की वायरिंगकडे लक्ष द्यायचं. बॅटरीवर १४ आणि बल्बवर १२.४ असं दिसलं, तर त्या बल्बचा एक तृतीयांश उजेड वायरिंगनं खाल्लेला आहे. नवा महागडा बल्ब लावला तरी त्याचाही तेवढाच खाल्ला जाईल.

उपाय सोपा आहे. आधी बॉडीला जोडलेली अर्थची वायर सोडवून, गंज घासून, घट्ट बसवा. पुष्कळदा एवढ्यावरच भागतं. नाही भागलं तर रिले किट बसवा. त्यात बॅटरीपासून जाड वायर स्वतंत्र फ्यूजमधून थेट बल्बपर्यंत जाते आणि जुना स्विच फक्त रिलेला इशारा देण्यापुरता उरतो. बहुतेक किट मूळ कनेक्टरवर नुसते खोचता येतात, वायर कापावी लागत नाही. वॉरंटीतली गाडी असेल तर वायर कापूच देऊ नका, इलेक्ट्रिकची वॉरंटी नाकारायला ते पुरेसं कारण होतं. होल्डर मात्र सिरॅमिकचा घ्या.

तिसरी जागा झोताची दिशा. याला एक पैसा लागत नाही आणि हेच कुणी करत नाही. सपाट जागेवर भिंतीसमोर गाडी बरोबर ५ मीटरवर उभी करा. चारही टायरची हवा बरोबर हवी आणि चालकाच्या सीटवर कुणीतरी बसलेलं हवं. हेडलाइटमधल्या बल्बच्या मध्याची जमिनीपासूनची उंची टेपनं मोजा आणि भिंतीवर तेवढ्याच उंचीवर खडूची आडवी रेघ मारा. आता डिपर लावा. उजेड आणि अंधार यांची जी स्पष्ट सीमा भिंतीवर दिसते, ती खडूच्या रेघेच्या ५ सेंटिमीटर खाली हवी, म्हणजे दर मीटरला एक सेंटिमीटर उतार.

या पाच सेंटिमीटरचं महत्त्व बघा. हेडलाइट जमिनीपासून ७० सेंटिमीटरवर आहे असं धरलं तर या उतारानं झोत ७० मीटरवर जमिनीला टेकतो. भिंतीवरची सीमा आणखी पाच सेंटिमीटर खाली गेलेली असेल तर तो ३५ मीटरवरच टेकतो. पोच निम्मी झाली आणि बल्ब तोच! उलट सीमा रेघेच्या वर असेल तर तुमचा डिपर समोरच्यासाठी अप्परच आहे. हेडलाइटच्या मागे झोत वर-खाली आणि डावी-उजवीकडे करणारे दोन स्क्रू असतात, अर्ध्या-अर्ध्या फेऱ्यानं फिरवत दोन्ही दिवे सारखे करा. अनेक कारमध्ये डॅशबोर्डवर ० ते ३ आकड्यांचं एक छोटं चाक असतं. हे सगळं ते ० वर ठेवून करायचं. मागे माणसं आणि डिकीत सामान भरलं की गाडीचं नाक वर उचललं जातं, तेव्हा चाक २ किंवा ३ वर न्यायचं आणि गाडी रिकामी झाली की परत ० वर आणायचं. लग्नाला निघालेल्या भरगच्च गाड्यांचे दिवे समोरच्याला झाडांच्या शेंड्यावर पडलेले दिसतात, त्याचं कारण एवढंच असतं.

आपल्या भागात दिशा जरा जास्तच काटेकोर हवी. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिच्यावरचं डांबर लाटांसारखं होतं. अशा रस्त्यावर गाडीचं नाक सारखं खाली-वर होतं, त्यामुळे नीट बसवलेला झोतसुद्धा क्षणभर समोरच्याच्या डोळ्यात जातो. आधीच वर बसवलेला झोत तर हटतच नाही.

आता बल्ब. बाजारात सगळ्यात जास्त चालणारा एच-४ बल्ब हातात घ्या, काचेला बोट न लावता धरा. आत एकामागे एक अशा दोन तारा दिसतील, अप्परची ६० वॅटची आणि डिपरची ५५ वॅटची. डिपरच्या तारेखाली पत्र्याची एक इवली वाटी असते. तिच्यामुळे त्या तारेचा उजेड रिफ्लेक्टरच्या खालच्या भागावर पडतच नाही, फक्त वरच्या भागावर पडतो आणि तिथून रस्त्याकडे खाली वळतो. भिंतीवर दिसणारी ती सीमा या वाटीतून जन्मते. तारेची जागा एखाद-दोन मिलिमीटर चुकली तरी झोत बिघडतो. म्हणून बल्ब नामांकित कंपनीचाच घ्यावा. बिननावाच्या बल्बात तार तिरकी असते आणि मग दिवा कितीही जुळवला तरी सीमा पुसटच राहते.

हॅलोजन वापरता वापरता हळूहळू मंदावतो. काचेच्या आत काळपट झाक आली असेल तर उडायची वाट बघू नका. दोन्ही बाजूंचे बल्ब एकदम बदला, एक जुना आणि एक नवा असं ठेवू नका. काचेला बोटाचं तेल लागलं तर तिथे ती जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो, म्हणून स्वच्छ फडक्यानं धरा.

वायरिंग आणि दिशा दुरुस्त करूनही उजेड कमी वाटत असेल तर त्याच ६०/५५ वॅटमधला जास्त क्षमतेचा हॅलोजन घ्या. ओसरामचा नाइट ब्रेकर, फिलिप्सचा एक्स्ट्रीमव्हिजन ही त्या जातीची नावं. डब्यावर जे शंभर-दीडशे टक्के जास्त लिहिलेलं असतं ते नियमानं ठरवलेल्या किमान मर्यादेशी तुलना करून, झोतातल्या ठरावीक जागेपुरतं असतं. सगळा उजेड दुप्पट होत नाही, पण लांबची जागा खरोखर उजळते. या बल्बचं आयुष्य साध्यापेक्षा कमी असतं, एवढी किंमत मोजायची तयारी हवी. निळसर काचेचे "पांढरे" हॅलोजन घेऊ नका. तो निळा थर उजेडाचा काही भाग अडवूनच त्याला पांढरा करतो. धुळीत आणि धुक्यात तर साधा पिवळसर उजेडच डोळ्याला सोसतो.

१००/९० वॅटचा बल्ब हा आपल्याकडचा जुना मोह आहे. ५५ वॅटचा बल्ब जेमतेम पाच अँपिअर ओढतो, हा साडेसात-आठ ओढतो. बारीक वायर तापते, होल्डर वितळतो, रिफ्लेक्टर भाजून काळा पडतो. प्लास्टिकच्या हेडलाइटमध्ये तो कधीच बसवू नये.

आणि एलईडी. कारखान्यातूनच एलईडी हेडलाइट घेऊन आलेल्या गाड्यांबद्दल माझी तक्रार नाही, तिथे रिफ्लेक्टर आणि लेन्स त्या दिव्यासाठीच घडवलेले असतात. प्रश्न हॅलोजनच्या जागी एलईडी बल्ब खोचण्याचा आहे. एलईडीचे चिप चपट्या पट्टीच्या दोन बाजूंना असतात. गोल तारेसारखा चहूबाजूंनी उजेड त्यातून निघत नाही, आणि रिफ्लेक्टर तर तारेच्या नेमक्या जागेसाठी बनलेला आहे. मग सीमा फाटते, उजेड वर सांडतो आणि गाडीच्या नाकापुढचे दहा-पंधरा मीटर झगझगीत होतात. चालकाला त्यानंच समाधान वाटतं. प्रत्यक्षात जवळचा झगझगाट डोळ्याची बाहुली आकसवतो आणि लांबची ट्रॉली आणखी उशिरा दिसते. शिवाय मागचा पंखा आपल्या धुळीत अडकतो, आणि रबरी टोपी नीट बसली नाही तर पहिल्याच पावसात हेडलाइटमध्ये वाफ धरते. डब्यावरच्या आकड्यांना भुलू नका. २०० वॅट लिहिलेला बल्ब खरंच २०० वॅटचा असता तर त्यानं १२ व्होल्टवर सोळा अँपिअरहून जास्त ओढले असते आणि हेडलाइटचा १० किंवा १५ अँपिअरचा फ्यूज तिथल्या तिथे उडाला असता.

हे फक्त आपल्याच रस्त्यांचं रडगाणं नाही. जर्मनीत हॅलोजनच्या जागी बसणाऱ्या एलईडी बल्बला रस्त्यावर वापरायची पहिली परवानगी २०२० मध्ये मिळाली. तीही सरसकट नाही, ज्या ज्या मॉडेलच्या हेडलाइटमध्ये तो बल्ब तपासून योग्य ठरला त्या मॉडेलच्या यादीपुरतीच. आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला १०६ वा नियम झोत खाली वळलेला आणि समोरच्याचे डोळे न दिपवणारा असावा असं सांगतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-अ प्रमाणे गाडीत नियमाबाहेरचा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. परभणी-जिंतूर किंवा परभणी-गंगाखेड रस्त्यावर समोरच्याचे डोळे दिपले तर तो आपल्याच अंगावर येतो. स्वार्थ म्हणून बघितलं तरी दुसऱ्याला आंधळं करणारा दिवा परवडत नाही.

मोटारसायकलवाल्यांसाठी वेगळं सांगायला हवं. पुष्कळ मोटारसायकलींना ३५/३५ वॅटचा एचएस-१ बल्ब असतो. तो एच-४ सारखाच दिसतो, म्हणून काही जण ६०/५५ चा ठोकून बसवतात. जुन्या गाड्यांत हेडलाइट बॅटरीवर नसून थेट इंजिनाच्या कॉइलवर चालतो, म्हणून ॲक्सिलरेटर सोडला की मंद होतो. त्या कॉइलची ताकद ठरलेली. मोठा बल्ब लावला तर खड्ड्यापाशी वेग कमी केल्यावर, नेमका उजेड हवा तेव्हा, तो आणखीच मिणमिणतो. ३५ वॅटचाच चांगल्या कंपनीचा बल्ब, स्वच्छ रिफ्लेक्टर आणि भिंतीवर जुळवलेला झोत एवढंच करा. मागच्या मडगार्डवर लाल रेडियमची पट्टी लावा.

जादा दिवे लावायचेच असतील तर ते अप्परच्या रिलेवरून जोडा, म्हणजे डिपर मारला की आपोआप विझतात. वेगळ्या बटणावरचे दिवे समोरून गाडी आल्यावर बंद करायचं कुणाच्या लक्षात राहत नाही.

समोरची काच आतून पुसा. उन्हात डॅशबोर्डच्या प्लास्टिकमधून सुटणारा तेलकट थर तिच्यावर बसतो आणि रात्री प्रत्येक दिव्याभोवती कडं दिसतं. तिथे काळी फिल्म तर नकोच, समोरच्या काचेतून किमान ७० टक्के उजेड आत आला पाहिजे असा नियम आहे. आणि डोळे तपासा. साठीच्या माणसाच्या डोळ्यात आत पोचणारा उजेड विशीतल्याच्या साधारण एक तृतीयांश असतो. दिव्याभोवती मोठी वलयं दिसू लागली असतील तर मोतीबिंदूची शंका घ्यावी आणि बल्बच्या दुकानाआधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जावं.

शेवटी ट्रॉलीमालकांना आणि ऊस वाहतुकीच्या ठेकेदारांना एक विनंती. तुमच्या ट्रॉलीमागे येणाऱ्याचा हेडलाइट कसा आहे हे तुमच्या हातात नाही, पण त्याला ट्रॉली दिसेल की नाही हे आहे. मागे लाल, बाजूला पिवळी आणि पुढे पांढरी रेडियम पट्टी दोन्ही ट्रॉल्यांना लावा. उसाखाली झाकली जाणार नाही अशा जागी लावा आणि चिखल बसला की पुसा. रेडियम लावलेली ट्रॉली साध्या पिवळ्या बल्बच्या डिपरवरही शंभर मीटरहून लांब चमकते. वाहतुकीचा करार करतानाच कारखान्यांनी ही अट घालावी आणि पहिल्या खेपेला काट्यावर गाडी आली की ती तपासावी.